गाडी उंच करायची की टायर बदलायचे?

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ताई, हे तर पुरुषांचं काम, टायरचं आम्हाला काय कळतं? पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडचे बरेच बचतगट गाडी घेऊ लागले आहेत. कोणी भाजीपाला आणि तांदूळ बाजारात न्यायला पिकअप घेते, तर कोणी पर्यटकांसाठी परवान्याची जीप किंवा बोलेरो. कर्जाच्या कागदावर सह्या आपल्या असतात आणि हप्ताही आपल्याच बचतीतून जातो. मग त्या गाडीला कोणते टायर लावायचे आणि ती उंच करायची की नाही, हे एकट्या ड्रायव्हरने किंवा गॅरेजवाल्याने का ठरवायचं?

प्रश्नही खरा आहे. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे आपलं डांगाण, डोळ्यांपुढे आणा. राजूरपर्यंत डांबरी रस्ता. पुढे बारी, रतनवाडी, घाटघर या बाजूला घाट आणि वळणं, आणि मुख्य रस्ता सोडून वाडीकडे वळलं की मुरूम, दगड, ओढा. जून ते सप्टेंबर पाऊस असा की भाताच्या खाचरात आणि रस्त्यात फरक राहत नाही. अशा ठिकाणी गाडी खाली घासते, चिखलात रुतते, टायर फाटतात. मग कोणीतरी सांगतं, "गाडी चार इंच उचलून घ्या, मोठे टायर टाका, कुठंही जाईल." त्यासाठी गटाकडून पैसे मागितले जातात. बैठकीत त्यावर बोलता यावं म्हणून आज आपण टायर कसा निवडायचा, गाडी उचलणं म्हणजे काय आणि त्यात धोका कुठे आहे, हे समजून घेऊ. वही-पेन जवळ असेल तर घ्या, काही आकडे सांगणार आहे.

आधी रस्ता मोजा

साडी घेताना आपण आधी विचारतो, नेसायची कधी? लग्नाला की शेतात? टायरचंही तसंच आहे. आपली गाडी महिन्यात कोणत्या रस्त्यावर किती धावते, ते आधी लिहून काढा. चार रकाने करा: डांबरी, मुरमाचा किंवा खडीचा, दगडांचा, आणि चिखलाचा. ड्रायव्हरला महिनाभर रोज अंदाजे किलोमीटर लिहायला सांगा.

हे केल्यावर बहुतेक वेळा असं दिसतं की वाडीतला वाईट तुकडा दोन-तीन किलोमीटरचाच असतो आणि बाजाराचा डांबरी रस्ता तीस-चाळीस किलोमीटरचा. गाडी अडकते त्या तीन किलोमीटरमध्ये, म्हणून तेच आपल्या लक्षात राहतात. पण टायर झिजतात, डिझेल जळतं आणि घाटात ब्रेक लागतो तो उरलेल्या रस्त्यावर. म्हणून निर्णय पूर्ण महिन्याच्या हिशोबावर घ्यायचा, अडकलेल्या एका दिवसावर नाही.

टायरवर काय लिहिलेलं असतं

टायरच्या बाजूला इंग्रजी अक्षरं आणि आकडे उठावदार छापलेले असतात. तेच त्याचं आधार कार्ड. बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असं असतं. हे फोडून बघू.

२१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, ते. २१५ चे ७५ टक्के म्हणजे साधारण १६१ मिलिमीटर, सव्वासहा इंचांच्या जवळपास. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांच्या बांधणीचा प्रकार. आणि १५ म्हणजे आतल्या लोखंडी रिमचा व्यास, इंचांमध्ये.

ही बाजूची उंची आपल्याला महत्त्वाची. दगडावर चाक चढतं तेव्हा टायरची बाजू दबते आणि धक्का सोसते. बाजू उंच असेल तर रिमला मार कमी बसतो. शहरात दिसायला छान म्हणून काही जण मोठं रिम आणि पातळ बाजूचा टायर घालतात. आपल्या रस्त्यावर तो पहिल्याच दगडाला रिम वाकवेल. म्हणून रिम मोठं करण्याच्या नादी लागू नका.

त्यापुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजन सांगतो. १०० असेल तर तो एक टायर जास्तीत जास्त ८०० किलो पेलू शकतो, ९५ असेल तर ६९० किलो आणि १०५ असेल तर ९२५ किलो. अक्षर वेगाची मर्यादा सांगतं. आपला ड्रायव्हर तेवढ्या वेगाने जाणारच नाही, पण वजनाचा आकडा मात्र जीवनमरणाचा आहे. नवीन टायर घेताना हा आकडा कंपनीने दिलेल्या टायरच्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त हवा, कमी कधीच नको. मालवाहू पिकअपचे टायर वेगळे, जास्त जाड बांधणीचे असतात. तेवढ्याच मापाचा मोटारीचा टायर स्वस्त मिळतोय म्हणून पिकअपला लावायचा नाही.

आता टायरचं वय. बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. ही चौकट काही वेळा टायरच्या आतल्या बाजूला येते, तर वाकून बघायला सांगा. रबर वापरलं नाही तरी कडक होतं, त्याला बारीक तडे जातात. "नवीन आहे, नुसता पडून होता" असं म्हणून चार-पाच वर्षांचा टायर गळ्यात मारला जाऊ शकतो. पैसे देण्याआधी चारही टायरवरचे हे आकडे वाचा. आपण पिठाच्या पाकिटावरची तारीख बघतो ना, तसंच.

तीन जातीचे टायर

वाईट रस्त्याच्या गाड्यांना साधारण तीन प्रकारचे टायर मिळतात.

पहिला हायवे टायर. नक्षी बारीक, रेषा जवळजवळ. डांबरावर शांत चालतो, ओल्या डांबरावर चांगली पकड देतो, डिझेल कमी लागतं. मुरमावरही चालतो. पण चिखलात त्याची नक्षी लगेच भरते आणि तो गुळगुळीत गोट्यासारखा होऊन जागच्या जागी फिरत राहतो.

दुसरा ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या रस्त्यांचा. याचे गुटके मोठे, मधल्या फटी रुंद, आणि बाजू सहसा थोडी जाड. मुरूम, खडी, दगड, हलका चिखल यांत चांगला. डांबरावर थोडा आवाज करतो, डिझेल किंचित जास्त खातो, पण निभावतो.

तिसरा मड टेरेन, चिखलाचा. भले मोठे गुटके आणि बोटभर फटी. चाक फिरताना फटीत अडकलेला चिखल बाहेर फेकला जातो, म्हणून पकड टिकते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची धाकटी बहीण म्हणा. पण हाच टायर ओल्या डांबरावर कमी पडतो, कारण रस्त्याला टेकणारं रबर कमी असतं. पावसात घाट उतरताना ब्रेक दाबला तर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. शिवाय डांबरावर तो लवकर झिजतो आणि आवाजाने आतल्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

आता वहीतले चार रकाने काढा. डांबरी आणि मुरमाचे किलोमीटर बरेच जास्त आणि दगड-चिखल थोडा असेल, तर ऑल टेरेन हा बहुतेक गटांसाठी बरोबर टायर आहे. गाडी जवळजवळ डांबरावरच असेल, तर चांगल्या स्थितीतला हायवे टायर पुरतो. मड टेरेन फक्त त्याच गाडीला, जी रोज चिखलातच राहते. आपल्याकडे चिखल चार महिने आणि घाट बारा महिने, हे विसरू नका.

एक गोष्ट पक्की: एकाच धुरीवर, म्हणजे पुढच्या दोन किंवा मागच्या दोन चाकांना, वेगवेगळ्या जातीचे टायर लावायचे नाहीत. एक पकडतो, दुसरा घसरतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते. शक्य असेल तर चारही सारखे, आणि स्टेपनी त्याच मापाची.

मोठा टायर घातला तर काय होतं?

"एक साइज मोठा टाकू" असं गॅरेजमध्ये सहज म्हटलं जातं. हिशोब करून बघू. २१५/७५ आर १५ या टायरची एकूण उंची होते साधारण ७०३ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला तर उंची होते ७३३ मिलिमीटर. फरक ३० मिलिमीटर, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे १५ मिलिमीटर. कारण चाकाचा मध्य निम्म्यानेच वर जातो. १५ मिलिमीटर म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडं जास्त.

या अर्ध्या इंचासाठी काय मोजावं लागतं? चाकाचा एक फेरा साधारण चार टक्क्यांनी लांबतो. मीटर ६० दाखवतं तेव्हा गाडी खरी ६२ ते ६३ ने धावत असते. इंजिनला तेच चाक फिरवायला जास्त जोर लागतो, घाट चढताना खालचा गिअर लवकर टाकावा लागतो आणि क्लचवर ताण येतो. ब्रेकला जास्त जड चाक थांबवावं लागतं. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतून घासू शकतो. आणि डिझेल वाढतं.

डिझेलचा हिशोब उदाहरण म्हणून करू. समजा गाडी महिन्याला २,००० किलोमीटर चालते, लिटरला १४ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरलं. जड, मोठ्या टायरने तेच १३ वर आलं, तर महिन्याला ११ लिटर जास्त लागेल. म्हणजे जवळजवळ १,००० रुपये महिना, १२,००० रुपये वर्षाला. टायरच्या किमतीत न दिसणारा हा खर्च दर महिन्याला गटाच्या नफ्यातून जाणार.

म्हणून नियम सोपा ठेवा. आपल्या मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेल्या मापाच्या बाहेर जायचं नाही. जात बदला, माप बदलू नका.

गाडी उचलणं म्हणजे नेमकं काय

आता दुसरा प्रश्न. गाडी उंच करण्याचे दोन मार्ग असतात. एकात चेसी आणि वरची बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून फक्त बॉडी वर उचलतात. दुसऱ्यात सस्पेन्शन बदलतात: मागच्या पाट्यांमध्ये जादा पट्टी घालतात किंवा पाट्याखाली ठोकळा बसवतात, पुढे लांब किंवा कडक स्प्रिंग घालतात, शॉकअप बदलतात.

यात एक गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत. जीप, पिकअप, बोलेरो यांच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक गोल लोखंडी डबा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. गाडीखाली वाकून बघा, सहसा सगळ्यांत खाली तोच असतो. रस्त्याच्या मधला दगड पहिल्यांदा त्यालाच लागतो. हा डबा चाकांना जोडलेल्या धुरीवरच असतो आणि पाटे त्या धुरीच्या वरचं सगळं पेलतात. त्यामुळे पाटे उंच केले तर बॉडी वर जाते, चेसी वर जाते, पण तो डबा होता तिथेच राहतो! त्याला वर नेणारा एकच मार्ग, मोठा टायर. आणि त्याने किती वर जातो ते आपण पाहिलं, अर्धा-पाऊण इंच.

मग सस्पेन्शन उचलण्याचा फायदा काय? चढाच्या सुरुवातीला पुढचा बंपर टेकत नाही, उंचवट्यावर मधलं पोट घासत नाही, मोठ्या टायरला जागा मिळते. डोंगरात छंद म्हणून जीप चालवणाऱ्यांना याचा उपयोग होतो. ते पैसे खर्च करतात, सगळे सुटे भाग जुळवून बदलतात आणि मालाची ने-आण करत नाहीत. आपलं काम वेगळं आहे.

उंच गाडी कलंडते का?

हे समजायला आपल्याला विज्ञानाचं पुस्तक नको. कमरेवर कळशी घेऊन चालणं आणि डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन चालणं यातला फरक आपल्या मानेला ठाऊक आहे. वजन जितकं वर, तितका तोल नाजूक. पाय फाकवून उभं राहिलं तर तोल सांभाळतो. गाडीचे पाय म्हणजे तिची चाकं. गाडी उचलली तरी डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर तेवढंच राहतं.

आकड्यांत सांगते. समजा दोन चाकांतलं अंतर १,४०० मिलिमीटर आहे आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटरवर आहे. कागदावरच्या हिशोबाने अशी गाडी ४५ अंशांपर्यंत बाजूला कलली की उलटेल. तीच चार इंच, म्हणजे १०० मिलिमीटर उचलली तर ती मर्यादा ४१ अंशांवर येते. आता टपावर कांद्याच्या गोण्या किंवा पर्यटकांचं सामान बांधलं आणि वजनाचा मध्य ९५० वर गेला, तर ३६ अंश. आणि हे गाडी उभी असतानाचे आकडे आहेत. वळणावर वेग असतो, पाटे एका बाजूला दबतात, रस्ता खचलेला असतो, टायर वाकतो. तेव्हा गाडी याच्या बरीच आधी कलंडू शकते. घाटात एका बाजूला दरी असते, हे मी सांगायला नको.

म्हणून गाडी उचललेली असो वा नसो, जड सामान खाली आणि मध्ये, हलकं वर. टपावर कमीत कमी. आणि आवणीच्या दिवसांत मजूर बायांना पिकअपच्या हौद्यात उभं करून नेतात, ते तर गटाच्या गाडीत कधीही होऊ देऊ नका. मालगाडीत माणसं नेणं कायद्यालाही मान्य नाही. हौद्यात उभी असलेली माणसं म्हणजे सगळ्यांत वर ठेवलेलं आणि वळणावर हलणारं वजन. गाडी कलंडली तर पहिल्या त्या फेकल्या जातात.

उंच केल्याने आणखीही गोष्टी बिघडतात. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. मागच्या चाकाला ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, वाकड्या कोनात फिरतो आणि त्याचे सांधे लवकर झिजतात. स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलतो आणि गाडी रस्त्यावर हलकी वाटू लागते. हेडलाइट वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत मारतात. नुसती पट्टी घालून स्वस्तात उंची वाढवली आणि बाकी काही जुळवलं नाही, तर हे सगळं होतं.

जादा पट्टी आणि जादा माल

काही वेळा पट्टी उंचीसाठी नाही, माल जास्त भरता यावा म्हणून घालतात. पाट्यात पट्टी वाढवली की गाडी मागून बसत नाही आणि डोळ्यांना वाटतं, पेलतेय की. पण पाटा पेलला म्हणजे ब्रेक, धुरी, चेसी आणि टायर पेलले असं नाही. कंपनीने आरसी पुस्तकात लिहिलेलं वजन या सगळ्यांचा विचार करून ठरवलेलं असतं. शिवाय रिकाम्या गाडीत तेच कडक पाटे मागची चाकं उडवतात आणि ओल्या वळणावर मागचा भाग घसरतो.

ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आहे, आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० रुपये. एका फेरीत चार गोण्या जास्त नेऊन मिळणारे पैसे आणि हा दंड शेजारी शेजारी लिहा. दोन फेऱ्या केलेल्या परवडतात.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीमध्ये असलेली माहिती आणि उत्पादकाने ठरवलेलं मूळ स्वरूप यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि ही जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, गॅरेजवाल्यावर नाही. गाडी गटाच्या किंवा एखाद्या सदस्य ताईच्या नावावर असेल, तर नोटीस तिच्या दारात येणार.

विम्याचंही तसंच. अपघात झाला, तपासणीला आलेल्या माणसाने न कळवलेला बदल पाहिला, तर दावा अडकू शकतो. गाडी मोडलेली, विम्याचे पैसे नाहीत आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. एका गाडीपायी दहा-बारा घरांची बचत अडकते. गाडी वॉरंटीत असेल तर तीही जाऊ शकते. म्हणून कोणताही बदल करण्याआधी आरटीओ, विमा कंपनी आणि बँक या तिघांना विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

मग करायचं काय?

गाडी अडकते हे तर खरंच. त्यासाठी पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे, ते सांगते.

पहिलं, हवा. यात जवळजवळ काहीच खर्च नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात पुढच्या-मागच्या चाकांची हवा लिहिलेली असते, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची वेगळी. सकाळी टायर थंड असताना दर आठवड्याला तपासा. हवा कमी असेल तर भरलेल्या गाडीचा टायर तापतो आणि फुटू शकतो. जास्त असेल तर टायर मध्येच झिजतो आणि दगडावर उडतो.

रिकामी किंवा हलकी गाडी चिखलात फसली तर ड्रायव्हर हवा साधारण पाव भागाने कमी करू शकतो. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, आणि गाडी निघते. अनवाणी पाय आणि टाचेची चप्पल, चिखलात कोण जास्त रुततं? तेच तत्त्व. पण टोकदार दगडांत हवा कमी करायची नाही, बाजू फाटते. आणि डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, म्हणून गाडीत हवेचा पंप आणि हवा मोजायचं मीटर हवंच.

दुसरं, नक्षी. टायरच्या खोबणीत मधे मधे रबराचे बारीक आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खोली फक्त १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. पावसाळ्याची वाट बघू नका. काजव्यांसाठी पर्यटक येतात त्या मे अखेरीच्या आधी चारही टायर बघून घ्या. उगवलेल्या, फुगलेल्या किंवा बाजूने कापलेल्या टायरला ठिगळ लावून घाटात पाठवू नका.

तिसरं, जुने पाटे आणि शॉकअप. बऱ्याचदा गाडी खाली घासते कारण पाटे बसलेले असतात किंवा एखादी पट्टी तुटलेली असते. ते मूळ मापाचे नवीन घातले की गाडी आपल्या मूळ उंचीवर परत येते. हा कायद्याने बदल नाही, दुरुस्ती आहे, आणि यानेच निम्मी तक्रार मिटते. शॉकअपमधून तेल गळत असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

चौथं, योग्य जातीचे टायर, मूळ मापात. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या, आणि साधारण दर १०,००० किलोमीटरला पुढची-मागची चाकं आलटून पालटून लावा.

पाचवं, गाडीतलं सामान. फावडं, मजबूत दोर, दोन फळ्या, गोणपाट, चांगली स्टेपनी आणि चालणारा जॅक. चाक फिरत राहिलं तर खड्डा खोल होतो. थांबून चिखल उपसा, चाकाखाली फळी किंवा दगड घाला आणि हळू काढा.

सहावं, अजून गाडी घेतलीच नसेल तर हा विचार आधीच करा. कंपनीकडूनच उंच येणारी गाडी आणि नंतर उचललेली गाडी यांत फरक आहे. बोलेरोखाली १८० मिलिमीटर जागा असते, थारखाली २२६. कंपनी उंची देते तेव्हा ब्रेक, स्टिअरिंग, चाकांतलं अंतर सगळं त्याला जुळवून देते. चारही चाकांना ताकद मिळणारी फोर व्हील ड्राइव्ह महाग असते, पण चिखलाच्या वाडीला तिचा उपयोग चार इंच उचलण्यापेक्षा कितीतरी जास्त. मात्र मालासाठी पिकअप हवी की माणसांसाठी परवान्याची गाडी, हे आधी ठरवा.

आणि एक गोष्ट टायर कितीही मोठे असोत, बदलत नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. वाहत्या पाण्याला दोन फूट खोलीतही बहुतेक गाड्या ढकलून नेण्याइतका जोर असतो. उंच गाडीने उलट फसवा धीर येतो. भाडं बुडलं तरी चालेल, माल उद्या जाईल.

बैठकीत विचारायचे प्रश्न

पुढच्या वेळी कोणी टायर किंवा लिफ्टसाठी पैसे मागितले, तर हे सहा प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहा. महिन्यात कोणत्या रस्त्यावर किती किलोमीटर होतात? नवीन टायरचं माप आणि वजनाचा आकडा मूळ टायरशी जुळतो का? तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला? गाडी खाली नेमकी कुठे घासते, डिफरन्शियलला की बंपरला? सध्याचे पाटे आणि शॉकअप चांगले आहेत का? आणि या बदलाला आरटीओ आणि विमा कंपनी लेखी हो म्हणतात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "कोण बघतंय" असं आलं, तर ठराव मंजूर करू नका. गाडीखाली वाकून बघायला लाजू नका. गॅरेजमध्ये दोघी-तिघी मिळून जा, जुने टायर परत मागा, पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरचं माप लिहून घ्या.

या आठवड्याला एवढंच करा. गाडीजवळ जा, चारही चाकांवरचे आकडे वहीत उतरवा, आणि पाचव्याचेही, म्हणजे स्टेपनीचे. हमखास तीच सगळ्यांत जुनी निघते. पुढच्या बैठकीत ती वही सगळ्यांसमोर वाचा. सुखरूप जा, सुखरूप या. नमस्कार.